स्मॉल प्लेट्सच्या टेबलावर: इंदूरमध्ये घरच्यांना घेऊन जाताना

विजयनगर, एबी रोड, न्यू पलासिया या भागांत नव्यानं उघडलेल्या बऱ्याच रेस्टॉरंटांत मेन्यूकार्डावर सूप, स्टार्टर, मेन कोर्स, रोटी, राइस हे ओळखीचे मथळे सापडत नाहीत. त्यांच्या जागी लहान लहान प्लेट्सची लांब यादी असते. डिमसम (मोमोसारखे वाफवलेले), बाओ (वाफवलेला, भरलेला मऊ पाव), टाको (दुमडून भरलेली मेक्सिकन पोळी), हमस-पिटा (काबुली चण्याची चटणी आणि पाव), बुराटा (आत साय असलेलं ताजं चीझ), कमळकाकडीचे कुरकुरीत काप, दही कबाब, पोडी इडली. एका प्लेटमध्ये तीन-चार तुकडे येतात आणि प्रत्येकानं आपापली प्लेट मागवायची नसते. सगळ्यांनी मिळून सगळ्यातलं थोडं थोडं खायचं असतं. स्पेनमधले तापास, लेबनॉन आणि तुर्कस्तानातले मेझे, दक्षिण चीनमधले डिमसम, जपानी इझाकाया या सगळ्या जुन्याच पद्धती. आपल्याकडच्या शेफनी त्या एका कार्डावर आणल्या आणि त्यांच्या शेजारी आपले कबाब आणि चाट मांडले.

अशा ठिकाणाहून परतताना दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. एक, पोट भरलं नाही. दोन, एवढ्याशा खाण्याचं एवढं बिल! माझ्या मते दोन्हींचं मूळ एकच आहे. आपण तिथं जुन्या हॉटेलच्या सवयीनं मागवतो, आणि टेबलावर वाढायला कुणीच नसतं. मागवणारा एक आणि वाढणारा एक अशी दोन माणसं ठरली, तर ही जेवणाची पद्धत फार सुखाची आहे. पुढे सगळं त्याच अंगानं लिहिलं आहे.

कोण येणार, ते आधी

चार माणसं हा सगळ्यात सोयीचा आकडा. बहुतेक प्लेट्स चार तुकड्यांच्या असतात, टेबलही तेवढ्याच बेतानं केलेलं असतं. दोघंच गेलात तर चारपाच प्रकारांपलीकडे पोट जात नाही. सहाच्या पुढे प्रत्येक प्लेट दोनदा मागवावी लागते, आणि टेबलाच्या एका टोकाला डिमसम असताना दुसऱ्या टोकाला रिकामी बशी दिसते. आठ जण असतील तर टेबल एकच घ्या, पण ऑर्डर दोन गटांची समजून द्या. प्रत्येक पदार्थ दोन प्लेट, एक या टोकाला, एक त्या.

आजी-आबा बरोबर येणार असतील तर जागेची चौकशी जेवणाच्या चौकशीइतकीच महत्त्वाची. उंच स्टूल, खोल रुतणारे सोफे, अंधुक दिवे आणि डोक्यावर स्पीकर यांतलं काहीही त्यांना जेवू देत नाही. साध्या उंचीची खुर्ची-टेबल मागा, स्पीकरपासून लांब. आठवड्यातल्या मधल्या दिवशी संध्याकाळी सातच्या सुमाराला गेलात तर गर्दी आणि आवाज दोन्ही कमी असतात.

घरात कुणाला रात्री वरण-भात किंवा पोळी पोटात गेल्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नसेल, तर त्या माणसाला इथं नेऊन समजूत घालत बसू नका. त्यांच्यासाठी थाळी बरी. संकष्टी आणि एकादशीही टाळा. या कार्डावर उपासाला चालेल असं काही नसतं, आणि चंद्रोदयापर्यंत थांबायचं म्हटलं तर किचन बंद व्हायची वेळ होते.

फोन करा, अ‍ॅपवर थांबू नका

अ‍ॅपवर टेबल मिळतं, उत्तरं मिळत नाहीत. म्हणून जायच्या आदल्या दिवशी, दुपारी तीन-चारच्या सुमाराला फोन करा. त्या वेळी मॅनेजरला बोलायला सवड असते. लास्ट ऑर्डर किती वाजता घेतात, हे आधी विचारा. सानंद या इथल्या मराठी संस्थेचा संध्याकाळचा नाट्यप्रयोग बघून तिकडून जेवायला जाणाऱ्यांना हा प्रश्न फार उपयोगी पडतो. हॉटेल उघडं असणं आणि किचन चालू असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मग शाकाहारी आणि मांसाहारी पदार्थांची तळण्याची कढई वेगळी आहे का, बिलात सर्व्हिस चार्ज लावतात का, वाढदिवसाचा केक बाहेरून आणू देतात का, हेही त्याच फोनवर उरकून घ्या.

मेन्यू इंस्टाग्रामवर किंवा अ‍ॅपवर आधीच बघता येतो. घरी चहा पिताना तो सगळ्यांनी मिळून बघितला, तर टेबलावरची वीस मिनिटं वाचतात आणि कुणाला काय चालत नाही तेही कळतं. दर जुने असू शकतात, म्हणून फोटोतल्या आकड्यांवर हिशेब बांधू नका.

बसल्यावर पहिली पाच मिनिटं

पाणी आधी. वेटर बाटली घेऊनच येतो. साधं फिल्टरचं पाणी हवं असेल तर बाटली उघडण्याआधी सांगा, "भैया, नॉर्मल पानी दे दीजिए." रेस्टॉरंटमध्ये बसून प्यायच्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त पैसे लावता येतात. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये तसा निकाल दिला आहे, त्यामुळे नंतर वाद घालून उपयोग नाही.

मग चमचे. आपल्या घरांत उष्ट्याचा विचार आहे आणि तो योग्यच आहे. ही जेवणाची पद्धत मात्र एकाच बशीत चार हात जाण्यावर उभी आहे. तोंडातला काटा हमसच्या वाडग्यात गेला की मावशी तो वाडगा पुन्हा जवळ ओढत नाहीत. बोलतही नाहीत, फक्त खायच्या थांबतात. उपाय सोपा आहे. प्रत्येक प्लेटबरोबर वेगळा वाढायचा चमचा किंवा चिमटा मागा आणि प्रत्येकासमोर रिकामी बशी असू द्या. "हर प्लेट के साथ सर्विंग स्पून अलग से दे दीजिए" एवढं सुरुवातीला सांगितलं की पुढे बघावं लागत नाही. डिप, चटणी, हमस असलं काहीही आलं की आधी चमच्यानं आपल्या बशीत घ्यायचं, मग त्यात पिटा बुडवायचा. लहान मुलांना हे घरूनच सांगून आणा.

टेबल लहान असतं. मोबाइल, पर्स, फुलदाणी खाली ठेवा. रिकाम्या बशा उचलायला सांगायला संकोचू नका. पण अर्धी खाल्लेली प्लेट वेटरनं घाईनं उचलली तर लगेच "ये रहने दीजिए" म्हणा.

मागवायचं कसं

इथं जरा सावकाश जाऊ, कारण पैसे आणि पोट दोन्ही इथंच ठरतात.

मोठ्या माणसाला साधारण दोन ते सव्वादोन प्लेट्स लागतात, हा माझा अंदाज. चौघांना नऊ प्लेट्स. पण नऊच्या नऊ एकदम कधीही सांगू नका. जुन्या हॉटेलात स्टार्टर संपल्याशिवाय भाजी येत नाही, कारण किचन तो क्रम सांभाळतं. स्मॉल प्लेट्सच्या किचनमध्ये जो पदार्थ तयार होईल तो बाहेर येतो. नऊ सांगितल्या तर दहा मिनिटांत सहा येतात. टेबलावर जागा उरत नाही, तळलेलं मऊ पडतं, वाफवलेलं सुकतं, आणि घाईनं खाल्ल्यामुळे पोट भरल्याचं कळतच नाही. म्हणून तीन फेऱ्या करा. पहिल्या फेरीत चार, दुसरीत तीन, आणि तिसरी तेव्हाची भूक बघून. कॅप्टनला, म्हणजे ऑर्डर घेणाऱ्या मुख्य वेटरला, सुरुवातीलाच सांगून टाका, "पहले ये चार भेज दीजिए, बाकी हम बाद में बताएँगे." दुसरी फेरी पहिल्या चारपैकी दोन प्लेट्स संपत आल्या की द्या. सगळं संपायची वाट बघितलीत तर मध्ये वीस मिनिटं नुसतं बसून राहाल.

पहिल्या चारांत काय घ्यायचं, ते ठरवताना किचन डोळ्यांसमोर आणा. तिथं वेगवेगळे विभाग असतात. सॅलड आणि थंड पदार्थांचा एक, वाफेचा एक, तळणीचा एक, तंदूर किंवा ओव्हनचा एक, कढईचा एक. चारही पदार्थ तळणीचे मागवलेत तर ते एकाच कढईसमोर रांगेत उभे राहतात. दोन थंड, एक वाफेचा, एक तळलेला असं घेतलंत, तर थंड लगेच येतं, तेवढ्यात वाफेचं होतं आणि तळलेलं गरम मिळतं. खाण्याच्या चवीलाही हाच क्रम चांगला. आधी आंबट, थंड, हलकं. मग वाफवलेलं आणि कुरकुरीत. शेवटी तंदुरी, ग्रेव्ही, ब्रेड, भाताचा बाउल. मसालेदार आणि चीझचं आधी खाल्लं की नंतर साध्या डिमसमची चव लागत नाही.

शाकाहारी कार्डावर एक गोष्ट जपून बघा. नावं वेगळी असली तरी पदार्थ पुष्कळदा एकाच जातीचे असतात. कमळकाकडी, कॉर्न, भेंडी आणि मशरूम हे चारही कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवून, तळून, गोड-तिखट सॉसमध्ये परतून येऊ शकतात. चार प्लेट्स आल्या आणि चव एकच! नावावर जाऊ नका. "ये फ्राइड है क्या? सॉस कौन सा है?" एवढं विचारा. तळलेल्या दोनपेक्षा जास्त नकोत, क्रीम चीझ एकाच प्लेटमध्ये पुरे.

पोट भरण्यासाठी पहिल्या दोन फेऱ्यांत निदान दोन प्लेट्स आधार देणाऱ्या हव्यात. हमसबरोबर जास्तीचा पिटा, पनीर किंवा टोफूचं काही, बाओ, पोडी इडली. मांसाहारी असाल तर चिकन किंवा मासे. आणि तिसऱ्या फेरीला एक भाताचा किंवा नूडल्सचा बाउल, खाउ स्वेसारखा (नारळाच्या दुधातल्या बर्मी नूडल्स), चौघांत मिळून. तो आला की "पोट भरलं नाही" ही तक्रार संपते.

तुकड्यांची संख्या हा अवघड प्रश्न नाही, पण विचारावा लागतो. पाच जण आणि चार डिमसम अशी वेळ आली तर "एक पीस एक्स्ट्रा हो सकता है?" असं विचारा. बरीच किचन्स तेवढे पैसे लावून एक तुकडा वाढवून देतात. जमत नसेल तर सुरीनं अर्धे करता येतील असे पदार्थ निवडा. टिक्की, ब्रुशेटा, छोटा पिझ्झा चालतात. टाको आणि भरलेला बाओ कापला की सगळं सांडतं.

मधुमेह असलेल्यांसाठी एक सूचना. अशा जेवणात पहिली प्लेट कधी येईल याचा नेम नसतो. जेवणाआधी इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांशी याबद्दल बोलून ठेवावं आणि टेबलावर खाणं दिसल्याशिवाय घाई करू नये. कॅप्टनला स्पष्ट सांगा, काहीतरी एक लगेच हवंय. थंड विभागातलं काहीही पाच-सात मिनिटांत येऊ शकतं.

काय चालतं, काय चालत नाही

हिरवा ठिपका बघून ऑर्डर देण्याची सवय चांगली आहे, पण परदेशी पदार्थांत मासे आणि अंडी अनपेक्षित जागी असतात. ऑयस्टर सॉस शिंपल्यांपासून होतो. थाई करी पेस्टमध्ये पारंपरिक पद्धतीत आंबवलेल्या कोलंबीची पेस्ट असते, किमचीत माशाचा सॉस असू शकतो. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये आणि वूस्टरशायर सॉसमध्ये अँचोव्ही नावाचे छोटे मासे असतात. जपानी मिसो सूपचा रस्सा बहुधा माशाचा. मेयोनीज, ताजा पास्ता, टेम्पुराचं पीठ, वाँटनची पारी यांत अंडं असू शकतं. पन्नाकोटा आणि काही मूसमध्ये जिलेटिन, म्हणजे प्राणिजन्य पदार्थ. आपल्याकडच्या अनेक किचन्समध्ये यांचे शाकाहारी पर्याय वापरतात, आणि पूर्ण शाकाहारी रेस्टॉरंटमध्ये ही चिंता उरत नाही. मिश्र ठिकाणी मात्र "वेज है ना?" या प्रश्नाला "हाँ जी" हेच उत्तर येतं. नेमकं विचारा. "इसमें फिश सॉस या ऑयस्टर सॉस तो नहीं?" "मेयो एगलेस है?" वेटरला माहीत नसेल तर तो आत विचारून येतो. येऊ द्या.

जैन मित्र बरोबर असतील तर कांदा-लसूण वगळून काय होतं, ते फोनवरच विचारलेलं बरं. डिमसमचं सारण आणि सॉस सकाळीच तयार झालेले असतात, टेबलावरून सांगून त्यातला लसूण निघत नाही.

अ‍ॅलर्जी असेल तर ती आवड-निवडीसारखी सांगू नका. "एलर्जी है, तबीयत बिगड़ जाएगी" अशा शब्दांत सांगा. हमसमध्ये तीळ असतात, साटेच्या चटणीत शेंगदाणे, पेस्टोत पाइन नट किंवा काजू, सोया सॉसमध्ये बहुधा गहू. कोलंबीची अ‍ॅलर्जी असलेल्यानं त्याच तेलात तळलेले बटाटेही टाळावेत.

वाढणारा माणूस

प्लेट आली की काय होतं बघा. सगळे फोटो काढतात, मग "तुम्ही घ्या ना", "नको, आधी तुम्ही" सुरू होतं, आणि चार तुकड्यांपैकी शेवटचा तसाच पडून गार होतो. पंगतीत असं कधी होत नाही, कारण तिथं वाढपी असतो. खाणाऱ्यानं हात पुढे करायचा नसतो, त्याच्या पानात पडतं. इथंही तेच करा. घरातल्या ज्या व्यक्तीला वाढायला मनापासून आवडतं, ती काकू असो, दादा असो की कॉलेजातली पुतणी, तिला हे काम द्या. तिनं प्लेट आल्याबरोबर प्रत्येकाच्या बशीत एकेक तुकडा वाढायचा, आधी मोठ्यांना आणि मुलांना. उरलेला एक कुणाला आवडला ते विचारून त्याला. संकोच संपतो, खाणं गरम पोटात जातं, आणि लाजरा पाहुणाही उपाशी राहत नाही. सगळ्या लेखातली एकच गोष्ट करायची असेल तर ही करा.

वाढणाऱ्यानं एवढं ध्यानात ठेवावं की काही पदार्थ थांबत नाहीत. तळलेलं आणि टाको आले की लगेच, डिमसम त्यांच्या मागोमाग, कारण वरची पारी हवेवर चिवट होते. हमस, सॅलड, बुराटा थांबू शकतात. डिमसमला काटा टोचला की रस निघून जातो, म्हणून चमच्यावर घेऊन द्या. चॉपस्टिक्स येत नसतील तर त्यांचा हट्ट कशाला? एडामामेच्या (कोवळ्या सोयाबीनच्या) शेंगा वाटाण्यासारख्या तोंडानं सोलून आतले दाणे खायचे, साल टाकायचं. बुराटा मधोमध कापून आतली साय ब्रेडवर पसरायची.

पदार्थ कच्चा, शिळा किंवा चुकीचा आला तर पहिल्या घासानंतर सांगा. शांतपणे, कॅप्टनला बोलावून. चांगल्या ठिकाणी ती प्लेट बदलून देतात. तीन तुकडे संपवून चौथ्याला तक्रार केली तर ऐकून घेतलं जात नाही, आणि ते रास्तही आहे. शाकाहाऱ्याच्या बशीत मांसाहार आला असेल तर मात्र मॅनेजरलाच बोलवा, ती प्लेट टेबलावर तशीच ठेवून.

पेयं

मॉकटेल साखरेनं भरलेली असतात आणि दोन घोटांत भूक मारतात. चौघांत दोन घेऊन बघा, किंवा ताज्या लिंबाचा सोडा घ्या. बार असलेल्या ठिकाणी जात असाल तर मध्य प्रदेशात मद्यासाठी किमान वय २१ आहे. घेणारे आणि न घेणारे एकत्र असतील तर मद्याचं बिल सुरुवातीलाच वेगळं करायला सांगा. मद्यावर जीएसटी लागत नाही, राज्याचा व्हॅट लागतो, त्यामुळे त्यांना ते वेगळं काढणं सोपं असतं. गाडी चालवणाऱ्यानं घेऊ नये.

गोड आणि उरलेलं

गोड पदार्थ लास्ट ऑर्डरच्या आधी सांगा. चौघांत दोन पुरतात. पण इंदूरमध्ये असताना दुसरा पर्याय मला जास्त पसंत आहे. गोड तिथं टाळायचं आणि सराफ्यात जायचं. सोन्या-चांदीची दुकानं बंद झाल्यावर तिथं खाण्याची दुकानं लागतात आणि मध्यरात्रीनंतरपर्यंत चालू असतात. जिलेबा (भलीमोठी जिलेबी), रबडी, मालपुवा, हवं ते. राजवाड्याच्या आसपास गाडी लावायला जागा मिळणं कठीण, रिक्षानं जा.

उरलेल्यातलं भात, नूडल्स, कोरडे कबाब, ब्रेड एवढंच बांधून घ्या. सुशी, सॅलड आणि तळलेलं नेऊ नका. दोन तास बाहेर राहिलेलं फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी मुलांना देणं बरोबर नाही.

बिल

हिशेबाचा नमुना बघा. समजा प्लेट सरासरी ४५० रुपयांना आहे. नऊ प्लेट्स ४,०५०, चार पेयं २५० प्रमाणे १,०००, दोन गोड पदार्थ ४०० प्रमाणे ८००. बेरीज ५,८५०. त्यावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे २९२.५०. एकूण ६,१४२.५०, माणशी सुमारे १,५३६ रुपये. हा हिशेब तुमच्या ठिकाणच्या दरांनी घरीच करून बघा. आकडा जास्त वाटला तर पेयं आणि गोड आधी कमी करा, प्लेट्स नंतर.

जीएसटी ५ टक्के असतो आणि बिलात २.५ अधिक २.५ असा दिसतो. ज्या मोठ्या हॉटेलात खोलीचं भाडं ७,५०० रुपयांच्या वर जातं, तिथल्या रेस्टॉरंटमध्ये तो १८ टक्के असतो. जागा निवडतानाच हा फरक बघा.

सर्व्हिस चार्ज हा कर नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला काढलेल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तो बिलात आपोआप लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयानं २८ मार्च २०२५ ला त्या सूचना कायम केल्या. वरच्या बिलात १० टक्के लावला तर ५८५ रुपये होतात. दिसला तर काढायला सांगा. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. बक्षिशी मात्र जरूर द्या, आणि शक्यतो रोख, ज्यानं तीन तास चमचे बदलले आणि आत जाऊन सॉस विचारून आला त्याच्या हातात.

पैसे कोण देणार, हे घरून निघतानाच बोला. "आज माझ्याकडून" असं यजमानानं आधी म्हटलं, तर पाहुण्यांनी दर बघून संकोचायला नको म्हणून ऑर्डरही यजमानानंच द्यावी. मित्रांत वाटून घ्यायचं असेल तर खाणं सरसकट समान वाटा. कुणी कोणते दोन डिमसम खाल्ले, हे मोजत बसू नका. फक्त जो खूप कमी खातो, किंवा शाकाहारी असून टेबलावर महागडे मासे आले होते, त्याच्याकडून कमी घ्या. ते त्याला मागावं लागू नये, हिशेब करणाऱ्यानंच काढून द्यावं.